एका कॉफीला एक बिस्किट

रोसिओच्या डच सासूबाई कॉफीबरोबर प्रत्येकाला एकच बिस्किट द्यायच्या आणि डब्याचं झाकण लावायच्या. थोरल्या सुनेने, मार्लुसने, दुसऱ्या बिस्किटाला हात घातला की डचमध्ये झापायच्या, "ठेव ते, हावरट कुठली." पेरूहून आलेल्या रोसिओला मात्र अदबीने इंग्रजीत म्हणायच्या, "घ्या ना, हवी तेवढी घ्या." तीन वर्षं क्लास करून रोसिओचं डच पक्कं झालं, तरी तिच्या वाट्याला इंग्रजीच. हक्काची बोलणी मार्लुस खायची आणि पोटात रोसिओच्या दुखायचं.

आज रोसिओने चौथं बिस्किट उचललं. झाकण बोटांवर आपटलं.

"तुला काय वेगळं सांगायचं का गं, हावरटे?" सासूबाई डचमध्ये कडाडल्या.

नवरा ओशाळला. "मनावर घेऊ नकोस, आई जरा..."

रोसिओने लाल झालेली बोटं समोर बसलेल्या मार्लुसला नीट दिसतील अशी टेबलावर ठेवली.