सत्काराची झोळी

"जरा हसा की, मावशी!" फोटोवाला म्हणाला.

हसू कसलं? पाड्याला रस्ता नाही, म्हणून आम्ही बायका अडलेल्या बाईला घोंगडीच्या झोळीत घालतो, बांबू खांद्यावर घेतो आणि डोंगर उतरून दवाखान्यात नेतो. त्याबद्दल जिल्ह्याचे साहेब आमचा सत्कार करायला आले होते. शाल दिली, नारळ दिला. रस्त्याचं नाव काढलं नाही.

"तुमची जिद्द बघून ऊर भरून येतो," साहेब म्हणाले. "एकदा झोळी उचलून दाखवा. छान व्हिडिओ होईल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "रिकामी काय उचलायची? तुम्हीच बसा."

साहेब हसत झोळीत बसले. आम्ही चौघींनी बांबू उचलला आणि थेट उताराला लागलो. पहिल्या वळणापर्यंत ते कॅमेऱ्याकडे बघून हात हलवत होते. दगडांवरून आमचे पाय घसरायला लागले, तशी त्यांनी घोंगडी गच्च धरली.

"बास झालं! ठेवा खाली!"

"उचललेली झोळी दवाखान्याच्या पायरीआधी टेकवायची नाही, असा नियम आहे आमचा," मी म्हणाले आणि चालत राहिले.

ओढ्याकाठी उंबराखाली मात्र आम्ही झोळी टेकवली. साहेब घामाघूम होऊन बाहेर आले आणि चिडून म्हणाले, "इथं कुठाय दवाखाना? आता नियम कुठं गेला?"

"माझ्या जावेला, चांगुणाला, इथवर जिवंत आणलं होतं," मी म्हणाले. "दवाखाना त्या डोंगराच्या पल्याड आहे. पण इथून पुढं आम्हाला घाई उरली नव्हती."