दार सात, मोरी अकरा

आईची दृष्टी गेली, तेव्हा हाडाचा ड्राफ्ट्समन असलेल्या तिच्या मुलाने घराचा नकाशा कॉम्प्युटरवर नव्याने काढला. मापांचं शून्य मात्र नेहमीसारखं भिंतीच्या कोपऱ्यात न ठेवता आईच्या उशाशी ठेवलं आणि मापं फुटांऐवजी तिच्या पावलांत धरली. तो वाचून दाखवायचा आणि ती शाळकरी पोरीसारखी घोकायची, “खिडकी चार, दार सात, मोरी अकरा.”

तिला जाऊन महिना झाल्यावर बायको हळूच म्हणाली, “पलंग काढू या का आता?”

त्याने नकाशातला पलंग पुसला.

“आणि ते शून्य? तेही कोपऱ्यात ने की.”

“नको गं,” तो गडबडून म्हणाला, “सगळे आकडे बदलतील. या वयात आई पुन्हा कुठे पाठ करत बसेल?”