आतल्या खोलीकडे

ताईने पुस्तक धाकटीच्या ओट्यावर आपटलं, तशी कपातली कॉफी हिंदकळून खाली सांडली.

"टोपणनाव घेऊन माझं लग्न चव्हाट्यावर मांडलंस?"

धाकटीने गॅस बंद केला. नाकबूल करायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. करून उपयोगही नव्हता. पुस्तकात लग्ननोंदणीचं कार्यालय होतं. उसन्या हिरव्या चपला चावतात म्हणून टाचेखाली कापूस घालून आलेली नवरी होती. दुपार टळेपर्यंत ती बाकावर बसून राहते आणि नवरा काही येत नाही. शेवटी झाडू मारणारी बाई म्हणते, "जरा पाय वर घ्या." हे सगळं ताईने आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी, धाकटीच्या मांडीवर डोकं ठेवून.

ताई चष्म्याच्या दुकानात होती. दिवसभर लोकांचे नंबर तपासायची. पण तिला लोक ओळखायचे ते दुसऱ्याच कारणासाठी. दर रविवारी ती फोन डाळीच्या डब्याला टेकवायची आणि नव्या कादंबऱ्यांवर बोलायला बसायची. हजारो लोक ऐकायचे, कारण ती कोणाची भीड ठेवत नसे. "पहिल्या पानावर नकाशा, दुसऱ्यावर वंशावळ. ड्रॅगन येईपर्यंत माझे केस पिकले." किंवा, "सोळा वर्षांची पोर अख्खं जग वाचवते, आणि घरातलं एकही माणूस विचारत नाही, अगं, जेवलीस का?" प्रेमकथांवर तर तिचा दातच होता. "एका फोनने मिटला असता, तो गैरसमज बाईंनी शेवटच्या पानापर्यंत ताणलाय."

स्वतः मात्र तिने तो एक फोन कधी केला नव्हता. न आलेला तो नवरा त्याच आठवड्यात बोटीवरच्या नोकरीला निघून गेला. जो आलाच नाही त्याला 'का नाही आलास' म्हणून विचारायचं, हे तिच्या मानी स्वभावात बसत नव्हतं. ती घरीच राहिली. धाकटी शिकायला बाहेर पडली, तिकडेच रमली. ताईने आतल्या खोलीत आधीपासूनच अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं केलं. भरवायचं, कूस बदलायची, आणि आईचा डोळा लागला की उशाशी बसून वाचायचं. वाचनाचं वेड लागलं ते तिथेच. गेल्या वर्षी आई गेली. वेड तेवढं उरलं.

"लिहिलंयस चांगलं," ताई स्टूल ओढून बसली. "तेच जास्त झोंबतं."

"रविवारी बोलणार आहेस यावर?"

"बोलणार. पण एक जागा मला पटली नाही."

राग होता, पण तिच्यातली वाचणारी बाई रागापेक्षा चिवट होती. तिने दुमडलेलं पान उघडलं. पुस्तकात तो नवरा त्या दिवशी सकाळी घरी येतो. नवरी आधीच कार्यालयात गेलेली असते. दार उघडते तिची बहीण. 'ती यायची नाही,' बहीण त्याला सांगते. 'तिचं मन बदललंय. तुम्हाला तोंडावर सांगायचा धीर नाही तिला.' तो आल्या पावली परत जातो. कारण बहिणीचंच त्याच्यावर प्रेम असतं.

"हे तू रचलंस, ठीक आहे. गोष्टीला वळण लागतं," ताई म्हणाली. "पण बहिणीचं कारण खोटं वाटतं."

"तिचं प्रेम आहे त्याच्यावर."

"छे! जिचं प्रेम आहे ती त्याच्याकडे बघेल. निदान त्याचा चेहरा पडला का, एवढं तरी बघेल. ही एकदाही बघत नाही. दार अर्धं लोटून धरते आणि सारखी मागे, आतल्या खोलीकडे बघते. तुझ्या पुस्तकात त्या खोलीत कोणी राहतच नाही. मग ही बघते कोणाकडे?"

ताईने मान वर केली. धाकटी सांडलेली कॉफी पुसत होती. डाग केव्हाच निघाला होता, तरी पुसत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ताईचं बोट त्या ओळीवरच थांबलं.

"तो घरी आला होता," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

धाकटीने मान डोलावली.

"आणि संध्याकाळी तू माझ्या केसांवरून हात फिरवत बसलीस?"

"ताई, कितीदा ठरवलं सांगायचं. तोंडच उघडेना. म्हणून लिहिलं. वाटलं, तू वाचशील. तुला कळेल."

इतकी वर्षं ताईने त्या माणसाला मनातल्या मनात शिव्याशाप दिले होते. त्याचं नाव घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. आणि तो बिचारा दारापर्यंत येऊन गेला होता. कदाचित अजूनही तो तिलाच दगाबाज म्हणत असेल.

"सांगायचंच होतं तर त्यातही खोटं का लिहिलंस?" तिचा आवाज अगदी बारीक झाला. "प्रेम कशाला घातलंस मध्ये?"

"प्रेमापायी केलेलं लोक माफ करतात, ताई."

ताईने पुस्तक मिटलं. दोन्ही हात त्याच्यावर ठेवले.

"तुझं कारण काय होतं?"

धाकटीने हातातलं ओलं फडकं ओट्यावर ठेवलं.

"तू लग्न करून गेली असतीस, तर आईजवळ मला राहावं लागलं असतं."