पाचवे भोक

कुबडीची सरकती नळी सकाळी पाचव्या भोकावर असे. संध्याकाळी, आठवड्यातून दोनतीनदा, सहाव्यावर.

दोन भोकांतले अंतर अडीच सेंटिमीटर. बाईंनी ते पट्टीने मोजले होते. पस्तीस वर्षे त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत भौतिकशास्त्र शिकवले होते, आणि पोलिओने अधू केलेला डावा पाय वयाच्या तिसऱ्या वर्षापासून सांभाळला होता. आता उजवा खांदाही दुखू लागला होता.

"कुबडीच्या चुकीच्या उंचीमुळेच दुखतोय," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. "महिनाभरात उतार पडला नाही, तर चालणं बंद. चाकाची खुर्ची."

"पण उंची मी बदलत नाही."

"खटका दाबल्याशिवाय नळी सरकत नाही, बाई. घरी कोण असतं?"

"आम्ही दोघंच."

शेजारी बसलेले यजमान हसले. "खत घालत असेल ही कुबडीला!" मग आवाज उतरवून म्हणाले, "हल्ली जरा विसरते."

"काय विसरले मी?"

"अगं, ते तुला कसं आठवेल?"

बाईंनी पिशवीतली वही मांडीवर घेतली. तिच्यात सहाव्या भोकाच्या दहा नोंदी होत्या, प्रत्येक तारखेसह. दुपारी दीड तास त्या झोपत. तेवढ्यात यजमान पाय मोकळे करून येत आणि सत्तरीतही आपण तीन किलोमीटर चालतो, असे शेजाऱ्यांना ऐकवत. उरलेला दिवस कुबडी बाईंच्याच हातात असे. म्हणजे संशयित एकच उरत होती. काल त्यांनी वहीत लिहिले होते, 'मी झोपेत उठते?' स्वतःच्या अक्षराकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या होत्या.

फिजिओथेरपिस्टने स्मृतीच्या तपासणीसाठी चिठ्ठी लिहिली. "काका, काउंटरवर ही देऊन तारीख घेता का?"

"हा आलोच!"

चिठ्ठी खिशात घालत त्यांनी खुर्चीला टेकवलेली कुबडी ओढली, न बघताच अंगठ्याने खटका दाबला, नळी एक भोक लांब केली, तिच्यावर सगळा भार टाकला आणि उठले.

दारापाशी पोहोचल्यावर ते थबकले. मागे वळले नाहीत.

बाईंनी वही उघडली, कालच्या ओळीवर काट मारली आणि खाली लिहिले: 'कारण: यजमानांचे गुडघे. उंची माझ्यापेक्षा जास्त. फिरून आल्यावर नळी पुन्हा खाली करायला विसरतात.'