पदरचं काही नाही

चीनमधून न्यूयॉर्कला आल्यापासून युफेन भाड्याच्या एका खोलीत एकटीच राहत होती. कोर्टात दुभाषी व्हायचं म्हणून तिने इंग्रजीतले कायद्याचे शब्द घोकायला घेतले. ‘ॲफिडेव्हिट’ कसाबसा पाठ होई, तोवर ‘पर्जरी’ निसटून जाई. चूक काढायला घरात दुसरं माणूस नव्हतं, म्हणून भात शिजेपर्यंत ती भिंतीचीच उलटतपासणी घ्यायची. शेवटी परीक्षा पास झाली. तिथे एकच बजावलं होतं: कानावर पडेल ते जसंच्या तसं सांगायचं, पदरचं काही बोलायचं नाही.

पहिलीच केस वेंग आजींची होती. घरमालक त्यांना घराबाहेर काढायला निघाला होता. आजी भेदरून उभ्या होत्या. युफेनच्या तोंडून आपल्या गावाकडची, फूचौची बोली ऐकली आणि त्यांचा चेहरा खुलला.

“जेवण झालं का गं?” त्यांनी तिलाच विचारलं.

“काय म्हणतायत त्या?” न्यायाधीश म्हणाले.

युफेनने इंग्रजीत सांगितलं, “जेवण झालं का?”

आपल्यालाच विचारलं असं वाटून न्यायाधीश हसले. “झालं, झालं. अगदी पोटभर. चला, सुरुवात करू या.”

युफेनने तेही जसंच्या तसं आजींना सांगितलं. आजींनी समाधानाने मान हलवली.



आई गेल्यापासून युफेनला हे कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं, आणि ती सकाळपासून उपाशी होती.