कानामागे

"झाकण काढा," असं म्हणून ती जॅमच्या कढईत वाकली, आणि सगळी शिफ्ट हातातली कामं टाकून बघायला लागली. बघणारच. कढई धुणारा तिचा बाप होता आणि ती आजपासून या जॅमच्या कारखान्याची स्वच्छता अधिकारी.

कढई कसली, आत माणूस उभा राहील एवढं स्टीलचं पातेलंच ते. बापाने ती अशी घासली होती की आत बघून भांग पाडावा. शेजारच्या टाकीत फळांचा गर तयार होता. मॅडम हो म्हणाल्या की ओतायचा.

मॅडमची मात्र भलतीच पंचाईत झाली होती. कढई पास केली, तर जो तो म्हणणार, घरचाच मामला आहे, चालवून घेतात. मग तिचं इथे कोण ऐकणार? नापास केली, तर जन्मदात्या बापाला चारचौघांत मान खाली घालायला लावली. सकाळी दोघं एकाच बसने आली, पण वाटभर नुसतं हवापाण्याचं बोलली.

तिने टॉर्च मारून तळ बघितला, कडा बघितल्या, ढवळायचं पातंसुद्धा. सगळं लख्ख. पॅकिंगवाल्या बाईने शेजारणीला कोपराने ढोसलं. बाप दाढीवर बांधलेल्या जाळीआड खुशीत हसला.

मग ती खाली बसली. जॅम बाहेर यायला कढईच्या बुडाशी तोटी असते. "ही खोला," ती म्हणाली.

बापाचं हसू मावळलं. तोटी त्याने बाहेरून घासली होती, आतून गरम पाणी सोडलं होतं, पण खोलली नव्हती. त्याने पाना आणून खोलली. आत रबराची रिंग होती. ती काढली, तर मागच्या खाचेत कालच्या जॅमची लालसर, चिकट रेघ.

एवढंसं काय धरून बसायचं, उकळीत सगळं मरतंच की, असं मिक्सरवाला पुटपुटला. तो भला माणूस, त्याला बापाची कीव आली होती.

"राहिलं तर इथेच बुरशी धरेल," ती म्हणाली. "कढई नापास. परत धुवा." बापाकडे बघत वाक्य पुरं केलं पोरीने.

बाप रिंग हातात घेऊन खाली मान घालून उभा राहिला. लाज वाटली त्याला, नाही कशाला म्हणायचं? मग त्याचे खांदे हलायला लागले. सगळ्यांना वाटलं, रडतोय. तर तो हसत होता.

मीच लावलेली खोड ही, त्याने मिक्सरवाल्याला सांगितलं. लहानपणी ही अंघोळ झाली म्हणून मिरवत बाहेर यायची, आणि बाप तिचा कान दुमडून मागे बघायचा. मळ दिसला की परत आत. रडली तरी, शाळेला उशीर झाला तरी.

मग त्याने तोटीचा एकेक भाग सुटा करून घासला. शीळ घालत घासला. तिने खाचेत कापसाची काडी फिरवली आणि तपासायच्या यंत्रात घातली. हिरवा दिवा लागला. गर ओतला गेला, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

बाप हात धुऊन तिच्यासमोर आला. डोक्यावरची जाळीची टोपी त्याने एका बाजूने वर सरकवली, कान पुढे दुमडला आणि वाकून म्हणाला, "मॅडम, इथलंही बघून घ्या."

अख्खी शिफ्ट हसली. ती हसली नाही. टॉर्च लावून तिने नीट पाहिलं, आधी तो कान, मग दुसरा. डोळे भरून आले होते, तरी पाहिलं.

"पास," ती म्हणाली. "आता टोपी खाली ओढ बाबा. आणि कानाला हात लावलास ना, जा, परत हात धुऊन ये."