सातवा उमेदवार

पडद्यामागच्या सातव्या उमेदवाराने डबल बेसच्या, त्या माणसाहून उंच तंतुवाद्याच्या, लाकडावर बोटाने दोनदा टकटक केली आणि मी परीक्षकाच्या खुर्चीत आक्रसलो. ऑर्केस्ट्राच्या निवडीत वादक पडद्याआडून वाजवतो, नाव सांगत नाही. ओळखपाळख आड येऊ नये म्हणून.

पण वाजवण्याआधी अशी टकटक लोपीस सरच करायचे. वसईच्या घरी, स्वतःच्या वाद्यावर त्यांनी मला नऊ वर्षं शिकवलं होतं. त्यांची रेकॉर्डिंगची कामं बंद झाल्याचं ऐकून होतो, भेटायला मात्र गेलो नव्हतो.

आज त्यांचे सूर थरथरत होते. शेजारचे दोघे परीक्षक गालात हसले. हे माझे गुरू, हे त्यांना कळेल या भीतीने मीच ओरडलो, "पुरे! नेक्स्ट!" वादन अर्ध्यावर तुटलं.

नंतर जिन्यात सर एकटेच तो अवजड डबल बेस एकेक पायरी उतरवत होते. मी धावत जाऊन खालून हात दिला.

"सर, तुम्ही आला होतात? मला माहीतच नव्हतं."

"तुझा आवाज ऐकला म्हणून थांबलो रे," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणी 'पुरे' म्हटलं असतं, तर पूर्ण वाजवल्याशिवाय हललो नसतो."